मशीनवर टेकवलेला हात

मशीन बघायला पप्पांना बरोबर नेलं नसतं, तर आणखी काही दिवस तरी आम्ही सुखात राहिलो असतो. पण हट्ट माझाच होता.

मी अंबरनाथला एका कंपनीच्या ऑफिसात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी शिरगावच्या आमच्या बाल्कनीत लाकूड कापत बसते. दाराच्या पाट्या, मुलांची कोडी, असलं किरकोळ. त्यासाठी मला कॉम्प्युटरवरची नक्षी लाकडात कोरणारं सीएनसी मशीन हवं होतं. पाटाएवढं लहान आणि खिशाला परवडणारं. पप्पा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात चाळीस वर्षं पटाशीने नक्षी कोरतायत. पलंगाच्या उशाकडच्या पाठी कोराव्यात तर त्यांनीच. आमचं घर अजूनही मुख्यतः त्यांच्याच हातांवर चालतं. त्यांचं म्हणणं, कॅटलॉग वाचून मशीन निवडायचं नसतं. चालू मशीनच्या अंगावर तळहात टेकवायचा. हाताला थरथर लागली तर रेघ वेडीवाकडी येणार, मशीन सोडून द्यायचं.

पहिलं मशीन अंबरनाथ पश्चिमेला, एका मास्तरांच्या घरी होतं. हौस फिटली म्हणून ते विकत होते. बेल्टवर चालणारं, अंगाने काडीपैलवान. पप्पांनी हात टेकवला आणि म्हणाले, "थरथरतंय." ते मला डोळ्यांनीही दिसत होतं. पप्पांचा कप बशीवर वाजायला लागला तेव्हा त्यांनी चहा अर्धाच ठेवला. मला वाटलं, चहा बिनसाखरेचा असेल.

दुसरं बदलापुरात, एका वर्कशॉपमध्ये. बेल्टऐवजी जाड स्क्रूचे दांडे, किंमतही आवाक्यातली. मी नेलेल्या सागाच्या तुकड्यावर वर्कशॉपवाल्याने माझं नाव कोरून दाखवलं, इतकं स्वच्छ की कडेला नख अडकेना. पप्पांनी हात टेकवला. "थरथरतंय."

माझं डोकं फिरलं. हाताने कोरणाऱ्या माणसाला मशीनची भीती वाटणारच, असा मी अर्थ लावला आणि रिक्षात तोंड सोडलं. "तुम्हाला मशीनच नकोय, सरळ बोला ना! नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललंय तुमचं."

ते खिशात हात घालून बाहेर बघत राहिले. हल्ली ते हात खिशातच ठेवायचे. दाढीही घरी करायचं सोडून सलूनमध्ये जायला लागले होते. "म्हातारपणी नखरे बघा," आई म्हणाली होती, आणि मीही हसले होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तिसरं मशीन उल्हासनगरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. दुकानदार सिंधी, पप्पांना वर्षानुवर्षं ओळखणारा. मशीन पाटाएवढंच, पण सगळं लोखंडी, हलवायला चार माणसं लागतील असं. बाहेर सेलची जाहिरात करणारी रिक्षा भोंगा लावून उभी होती, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पप्पांनी हात टेकवून डोळे मिटले. आज पुन्हा तेच म्हणाले तर पुढच्या वेळी एकटीच येऊन घेऊन जायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

"थरथरतंय," पप्पा म्हणाले.

मशीनच्या मागे वायरचा गुंता सोडवत बसलेला दुकानदार प्लग हातात घेऊन उठला. "काका, अभी चालू कुठं केलंय? करंटच नाय दिला."

मी पप्पांच्या हाताकडे बघितलं. लोखंड जागच्या जागी होतं. त्याच्यावर पप्पांचा अंगठा आणि दोन बोटं आपापली हलत होती, भात उकळताना झाकण हलतं तशी. पप्पांनीही डोळे उघडून बघितलं. मला भयंकर भीती वाटली. रिक्षात बोललेला शब्द न् शब्द परत गिळावासा वाटला. त्यांनी हात उचलला नाही. दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. तरी तो थांबेना.

दुकानदार प्लग लावायचं विसरून उभा होता.

पप्पांनी खिशातून टेप काढला आणि मशीनची रुंदी मोजली. टेपचं टोक कडेला लागेना, म्हणून पुन्हा मोजली.

"भाई, यापेक्षा मोठं येतं का?" त्यांनी विचारलं. "पलंगाची पाठ अख्खी बसेल असं?"