बिदाई कोणाची?

चहा संपवून घ्या आधी. हा किस्सा ऐकताना लोक पोट धरून हसतात, मग मधेच कप खाली ठेवून माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागतात. चहा फुकट गार होतो.

तर, ताईचं लग्न होतं. बाबांच्या किडन्या जवळपास गेलेल्या. रेल्वेची नोकरी संपली आणि दवाखान्याची सुरू झाली. एकच इच्छा उरली होती त्यांची, पोरीची बिदाई डोळ्यांनी बघायची. पुढच्या दिवाळीला बाबा असतील की नाही, हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या मनात होता आणि कोणाच्याच तोंडात नव्हता. सगळी घाई त्याचीच.

मला एकच काम दिलं होतं. गाण्याबजावण्याचं.

मला! जिचं एम.ए. नुकतंच झालं होतं आणि जिला जग आठवडाभरात सुधारून हवं होतं!

रायपूर तेव्हा नवीनच राजधानी झालेलं. रस्ते खणलेले, पण प्रत्येक लग्नाला लॉन आणि लॉनवर छाती हादरवणारा डीजे. कोणाचंही लग्न असो, गाणी तीच. मी जाहीर करून टाकलं, "आपल्याकडे डीजे येणार नाही. आपल्याकडे जिवंत माणसं गातील. इथली गाणी, फक्त ताईसाठी निवडलेली."

"काहून वं पोट्टी," आत्या म्हणाली, "डीजेनं तुझं काय घोडं मारलं? सारे त्याच्यावरच तं नाचून राहिले."

"म्हणूनच नको!"

"मरो मग," आत्या म्हणाली. तिच्या जिभेवर काळा तीळ आहे, हे मी तेव्हा मनावर घ्यायला हवं होतं.

एका दुपारी गुढियारी वस्तीतून स्कूटीवर येताना मला ते गाणं सापडलं. गल्लीत मांडव, भल्यामोठ्या कढईत भाजी, पंगत बसलेली. आणि एक माणूस तंबूरा घेऊन गातोय, "चल वो दुलहिन, डोला आ गे, अब नइ लहुटन ए अंगना." चल गं नवरी, पालखी आली, आता या अंगणात परतणं नाही. काय आवाज! माझ्या डोळ्यांत पाणी. पालखी आहे, नवरी आहे, सुटणारं माहेर आहे. आणखी काय पाहिजे बिदाईला?

आता तुम्ही विचाराल, मांडवात नवरी होती का? नव्हती. कोणी नाचत होतं का? नाही. मला वाटलं, सभ्य लोक आहेत. घरच्या पुरुषांची डोकी तुळतुळीत होती. मला वाटलं, उन्हाळा आहे.

हसू नका. पुढे ऐका.

गाणाऱ्याचं नाव बिसाहू भैया. सिलतऱ्याच्या कारखान्यात कामाला, बाकी वेळ भजनमंडळी. मी नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला. मागे यंत्रांची घरघर.

"भैया, हमारे यहाँ बिदाई है. वही डोली वाला गाना चाहिए."

"राम राम. काकर बिदाई? मतलब, किसकी?"

"दीदी की."

"उमर?"

"छब्बीस."

"हे भगवान! इतनी कम उमर में?"

मी फोन कानाला लावून उभीच राहिले. काय सांगू तुम्हाला, भरून आलं मला! इकडे आमचे शिकलेले नातेवाईक 'पोरगी घोडनवरी झाली' म्हणून ओरडत होते, आणि हा माणूस सव्वीस वय ऐकून हळहळत होता. किती पुरोगामी!

"वही तो मैं भी कह रही थी!" मी म्हणाले. "पर घर में किसी ने नहीं सुनी."

मग, "बीमार थी का?"

"नहीं नहीं, बीमार तो पापा हैं. इसीलिए तो दीदी का जल्दी-जल्दी करना पड़ा."

"पापा बीमार हैं... इसलिए दीदी का?"

"हाँ. उनकी आँखों के सामने हो जाए, यही इच्छा है उनकी. कब से पीछे पड़े थे."

तो बारीक आवाजात म्हणाला, "हव. आ जाएँगे."

त्याला शंका कशी आली नाही, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, "हम सोचे, कॉलोनी वालों में ऐसा होता होगा."

लग्नाच्या संध्याकाळी मंडळी आली, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. मी आत्याला म्हटलं, "बघ, काय साधेपणा!" लॉनच्या दारात ताईचा मोठा फोटो ठेवला होता. तोही माझाच हट्ट. प्लॅस्टिकची फुलं नकोत म्हणून त्याला खऱ्या मोगऱ्याचा जाड हार घातलेला. मंडळींनी चपला काढल्या, फोटोपुढे फुलं वाहिली, हात जोडले. एकानं तर डोळे पुसले.

मला वाटलं, कलावंत आहेत, हळवे असायचेच.

बिसाहू भैयानं गाणं सुरू केलं. पाहुण्यांचे चेहरे हळूहळू उतरायला लागले. गाणं संपवून त्यानं माइक जवळ ओढला आणि जड आवाजात म्हणाला, "हमारी जो बहिनी इतनी कम उमर में हम सबको छोड़ के चली गई, उसकी आत्मा की शांति के लिए दो मिनट का मौन."

आमच्याकडचे निम्मे पाहुणे सरकारी नोकरीतले. मौन म्हटलं की खटकन उभे! हातातल्या प्लेटा खाली, माना खाली. त्यांचं बघून उरलेलेही उभे राहिले.

आणि नेमकी तेव्हाच वरात दारात आली. बँड आपोआप गप्प झाला. घोडीवर नवरदेव, समोर हार घातलेला नवरीचा फोटो, आत माना खाली घालून उभी असलेली माणसं. नवरदेवानं सेहरा बाजूला करून पाहिलं. त्याचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ताईनं मागच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं गं? एवढी शांतता काहून? कोण गेलं?"

"तू," मी म्हणाले.

तिला बघताच बिसाहू भैयाच्या हातातला तंबूरा सुटला.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण नवरदेवाचे काका जवळच्याच दुर्ग गावचे, गाणं ओळखणारे. ते दारातच अडून बसले. "हे तं दहाव्याचं गाणं हाय! पोरीच्या नावानं मौन झालं! अशी पोरगी आमी घरात घ्यायची? वापस फिरवा घोडी!"

ताई खांबाला धरून उभी. मेंदीचे हात, डोळे दाराकडे. मी तर त्याच खांबामागे सरकले. आयुष्यभर अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारी मी!

बाबा खुर्चीतून उठले. उठवत नव्हतं, तरी उठले. दारापर्यंत चालत गेले, धाप लागलेली. म्हणाले, "काका, गाणं बरोबर घरी आलं, माणूस चुकला. जायचा नंबर माझा आहे. अपशकुन माझ्या नावावर लिहा आणि पोरीला घेऊन जा."

काकांनी खाली बघितलं, घोडीचा लगाम सोडला. लग्न लागलं. बिदाईच्या वेळी मात्र गाणंच नव्हतं. ताई मला न भेटताच गाडीत बसली.

मी कोपऱ्यात रडत होते. बाबा शेजारी येऊन बसले. "गाणं छान होतं गं. माझ्या वेळी यांनाच बोलाव." मग उठता उठता म्हणाले, "पण फोन तू नको करू."

दिवाळी यायच्या आधीच बाबा गेले.

घर माणसांनी भरलेलं. आई भिंतीला टेकलेली, ताई बाबांच्या उशाशी. बाबांची इच्छा फक्त मलाच माहीत होती, नंबरही माझ्याकडेच. मी बाजूला जाऊन फोन लावला. ठरवलं होतं, या वेळी स्वच्छ सांगायचं, गेले, वारले. पण तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना. निघाला तो जुनाच.

"भैया... बिदाई है."

"किसकी, बिटिया?"

"पापा की."

मागे तीच घरघर. आता हा माणूसही एकदा पोळलेला, ताकही फुंकून पिणारा. मग फार जपून त्यानं विचारलं,

"पापा की? इस उमर में? ...दुल्हन कौन है?"

आणि मी हसले. अंगणात बाबांची तिरडी बांधत होते आणि मी फोन धरून खदखदा हसत होते, थांबवताच येईना.

"पोट्टीले धक्का बसला," आत्या म्हणाली. "पाणी द्या तिले."

सगळे वळून माझ्याकडे बघत होते. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी सांगितलंच होतं, फोन तू नको करू.