हनुवटीखालचा हात

अक्कांची बोटं बारा महिने गार असत. तंजावूरच्या वैशाखात माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं, पण ही बाई आपल्या थंडगार बोटांची ओंजळ पोराच्या हनुवटीखाली धरी आणि म्हणे, "बोल." बोलणार काय? पोर आधी मानच आखडून घेई.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी जेवढी घरं होती, त्यांतली पोरं शाळेत जाण्याआधी अक्कांच्या ओट्यावर बसत. अक्षरं नंतर, आधी शब्दाचे तुकडे मोजायचे. शब्द म्हणताना हनुवटी जितक्यांदा खाली पडेल तितके तुकडे, आणि तुकड्यागणिक एक चिंचोका पल्लांगुळीच्या खळग्यात. दुपारी बायका ज्या लाकडी फळीवर खेळत, तीच सकाळी आमची पाटी. दोसा म्हटलं की दोन खळगे, बटाटा म्हटलं की तीन. शब्द तमिळ असो, मराठी असो की इंग्रजी. "हनुवटीला भाषा कळत नाही गे," अक्का म्हणत, "तिला पडायचं तेवढं कळतं."

मोठ्या मुलांनी मला सांगून ठेवलं होतं, की चुकणाऱ्याचा जबडा अक्का उपटून घेतात आणि परसात पुरतात. मी विश्वास ठेवला. मी कशावरही विश्वास ठेवत असे, शेंबूड पुसायची मात्र शुद्ध नव्हती. पहिल्याच दिवशी दात गच्च मिटून मी "बटाटा" म्हटलं.

अक्कांची बोटं थांबली. "पुन्हा."

"ब्ट्ट."

"हनुवटी हललीच नाही. म्हणजे तुझ्या घरात बटाटा नाहीच. आज नुसता रस्सम-भात खा."

मी धावत घरी जाऊन टोपली उपसली. बटाटे होते. तरी संध्याकाळपर्यंत माझा त्यांच्यावर भरवसा बसेना. त्या दिवसापासून अक्का मला 'दातखिळे' म्हणू लागल्या. माझं नाव यमुना आहे हे मीच विसरायच्या बेताला आले.

एकदा देवळाचा हत्ती गल्लीत आला. पोरं घरात पळाली. मला अक्कांनी परकराला धरून ओट्यावर बसवलं.

"कोण आलंय गे?"

"ह... हत्ती."

"तुकडे कर."

"हत्... ती."

"दोन चिंचोके! एवढ्याशाला भ्यालीस? भय मोठं असलं की त्याचं नाव घ्यावं आणि तुकडे करावे. मग तोंडात मावतं."

तेवढ्यात सोंड ओट्यावर आली आणि दोन्ही चिंचोके हुंगू लागली. मी किंचाळत माजघरात. अक्का जागच्या हलल्या नाहीत. या बाईला भय म्हणून ठाऊक नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ठरवण्यात मी तेव्हापासून पटाईत, फक्त बरोबर ठरवण्यात नाही.

पुढे माझ्या यजमानांच्या हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी 'अँजिओप्लास्टी'चे तुकडे केले. पाच. पुन्हा केले, पुन्हा पाच. जाता-येता नर्सबाई थांबली, "अम्मा, दात दुखतो का?" मी हनुवटीखालचा हात काढला नाही. तो काढला तर आत काहीतरी वाईट होईल, असं वाटत होतं. ते बरे होऊन घरी आले. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "अर्धा दोसाही न खाता पाच तुकडे पचवलेस की!"

मग अक्कांनाच अर्धांगाचा झटका आला. भाच्याने त्यांना पापनाशमला आपल्या घरी नेलं. मी बसने गेले. सगळा रस्ताभर मला एकच धास्ती होती. चालणं नाही तर नाही, पण या बाईचं बोलणं गेलं तर?

भाचेसूनबाई दारातच म्हणाली, "मावशी, तोंडातून शब्द नाही हो. डॉक्टर म्हणतात, आता आला तर आला. ओळखतील असं वाटत नाही."

अक्का पलंगावर होत्या, नजर छताकडे. मी जवळ बसले आणि जन्मात पहिल्यांदा माझा हात त्यांच्या हनुवटीखाली धरला. त्या दचकल्या. माझी बोटं बर्फासारखी गार पडली होती.

मी विचारलं, "अक्का, मी कोण?"

त्यांची नजर छतावरून माझ्याकडे वळली. मग हनुवटी पडली. आवाज नव्हता, पण पडली. थोड्या वेळाने पुन्हा पडली. सूनबाई म्हणाली, "जांभई असेल." मी तिला गप्प केलं. य झाला होता, मु झाला होता. तिसऱ्यासाठी मी हात तसाच धरून ठेवला. तिसरा येईना. अक्कांचे डोळे भ्यालेले होते, हत्ती पाहिलेल्या पोरीसारखे.

मग त्यांचा चांगला हात हळूहळू वर आला आणि माझ्या हनुवटीखाली थांबला. शेवटचा तुकडा त्यांना माझ्याकडून हवा होता. आणि मी? रडू फुटू नये म्हणून दात गच्च मिटून बसलेली! त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. मी कसंबसं "ना" म्हटलं. हनुवटी त्यांच्या तळव्यावर पडली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान हलवली. बरोबर.

शब्द काही परत आले नाहीत. पुढच्या पोंगलच्या आधी अक्का गेल्या.

आता त्यांची पल्लांगुळी माझ्याकडे आहे. माझी नात घरात इंग्रजी बोलते, बाहेर तमिळ, आणि मराठी नुसती ऐकते. काल तिला ओट्यावर बसवलं. ही बोलेल की नाही, याचीच मला धास्ती होती. हनुवटीखाली हात धरला आणि म्हटलं, "बोल."

ती अंग चोरून मागे सरकली. "आज्जी, तुझी बोटं किती गार गे!"