गरम कापांची पारख

पिंपळगावच्या आमच्या कांदा वाळवायच्या कारखान्यात माझ्या मुठीशिवाय माल पास होत नव्हता. वाळलेले काप मुठीत घ्यायचे, कानाशी दाबायचे. कुरकुरले तर पोत्यात, नाहीतर परत ड्रायरमध्ये. पंधरा वर्षं हेच केलं. म्हणून शेठनी नवीन मशीन आणलं तेव्हा मला आधी त्या मशीनचा संशय आला आणि मग ते चालवणाऱ्याचा.

हा माणूस पूर्वी बॉयलरमध्ये लाकडं टाकायचा. आठ दिवस ट्रेनिंग घेऊन आला आणि आम्हा बायकांनाच समजवायला लागला. ड्रायरची गरम, दमट हवा आधी धुराड्यातून फुकट जायची. आता ती पातळ पत्र्यांच्या एका पेटीतून जाते, पत्र्यांपलीकडून येणारी ताजी हवा तापवते, आणि दोन्ही हवा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. शेवटचा ओलावा मायक्रोवेव्ह काढतं. लाकडं निम्मी लागतात. मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, कुणाला शेंडी लावतोस? पेटीला चारी बाजूंनी नाक लावून आले, दमट कांद्याचा वास येतो का बघायला. आला नाही, तरी माझी खात्री पटेना. त्यात मशीन ओलावा स्वतःच मोजतं म्हणे. म्हणजे माझं काम काढून घ्यायला हा बाबा टपलाय, असं मी धरूनच चालले.

चौथ्या दिवशी मशीनच्या सरकत्या पट्ट्यावरून पहिला मोठा लॉट उतरला. मी मूठ भरली. काप गरम होते आणि मऊ. आवाजच नाही. मला तर आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! मूठभर काप पुरावा म्हणून पिशवीत घातले आणि त्याला फर्मावलं, पुन्हा घाल. स्क्रीनवर माल वाळल्याचा आकडा दिसत होता. तो त्याकडे बघत राहिला, पण बोलला काही नाही. घातला.

दुसऱ्यांदा सगळा लॉट तपकिरी होऊन आला, करपट वासाचा. तो सरळ शेठच्या केबिनमध्ये गेला. गेला माझ्या नावानं खडे फोडायला, मी म्हटलं. तो बाहेर येताच मी पिशवी घेऊन आत घुसले.

शेठ म्हणाले, मशीन लावण्यात आपलीच चूक झाली असं त्यानं कबूल केलंय, उद्यापासून त्याला घरी बसवतोय. माझं नावसुद्धा त्यानं घेतलं नव्हतं. तरी मशीनच कच्चं आहे हे दाखवायला मी पिशवी उघडली, काप दाबले. ते कुरकुरले. चांगले खडखडीत वाळलेले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या ड्रायरचे ट्रे बाहेर काढले की आम्ही चहा प्यायचो, आणि मगच मी मूठ भरायचे. पंधरा वर्षं काप त्या चहाच्या वेळात गार होऊन कडक होत होते, आणि मी समजत होते ही माझ्या हाताची करामत. आता ते पट्ट्यावरून थेट हातात आले. गरम काप मऊ लागणारच की.

"शेठ, त्याची चूक नाही. माल झाला होता. मीच परत घालायला लावला," मी म्हटलं. शरमेनं मान वर होत नव्हती. शेठ बरंच बोलले, ते सगळं ऐकून घेतलं. त्याची नोकरी राहिली.

बाहेर त्याला गाठलं. आकडा दिसत होता तर गप्प का बसलास, आणि वर माझी चूक अंगावर का घेतलीस, असं विचारलं.

"तुमची चूक हाय असं मला वाटलंच नाय, ताई," तो म्हणाला. "मला वाटलं, मलाच मशीन लावता आलं नाय."

मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, कुठे खोटं सापडतंय का म्हणून. सापडलं नाही, आणि मला त्याच्यासमोरच रडू फुटलं.