गाडी गळकी, नवरी घाईत

महामायाच्या आईचं लग्न ठरलं तेव्हा महामाया अडतीस वर्षांची होती आणि आई बासष्टची.

महामाया किनवटच्या सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं स्वतः लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी फार खोदून विचारलं की ती त्या माणसाच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायची. माणूस आपोआप गप्प बसायचा. लहानपणापासून तिला वस्तू उघडायची खोड. मिक्सर, पंखा, शेजारच्यांची शिलाई मशीन, काही म्हणता काही तिनं सोडलं नव्हतं. सगळ्याच वस्तू नीट झाल्या असं नाही, पण उघडल्या मात्र सगळ्या. दोन वर्षांपूर्वी तिनं एका फोटोग्राफरची जुनी पांढरी व्हॅन विकत घेतली, तेव्हा तिची आई धुरपताबाई एवढंच म्हणाली, "आता हिचं पोट फाडशील."

धुरपताबाईंचं प्रेम जुळलं ते नांदेडला, मोतीबिंदूच्या शिबिरात. शेजारच्या खाटेवर शिरूर अनंतपाळचे भीमराव होते, निवृत्त पोस्टमन, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघांच्याही एकेका डोळ्याला पट्टी. रात्रभर पंखा बंद होता म्हणून दोघं बोलत बसले. सकाळी पट्टी निघाल्यावर धुरपताबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आवाजावरनं मला तुम्ही जाड वाटला होता." भीमराव इतके हसले की डॉक्टरांनी त्यांना टाके सांभाळायला सांगितलं. मग फोन सुरू झाले. महामाया ड्यूटीवरून यायची तर आई फोन कानाला लावून अंगणात येरझारा घालून राहिलेली, पदराचं टोक दातात. शेवटी एक दिवस पोळ्या लाटता लाटता त्यांनीच विषय काढला.

"माया, मी लग्न करायचं म्हणते. तुला काय वाटतं?"

महामायाला एकदम हसू आलं, आणि हसता हसता ते डोळ्यांतूनही आलं. "कर की माय," ती म्हणाली. "त्यांचं बीपी किती हाय तेवढं विचारून घे."

लग्न शिरूर अनंतपाळच्या विहारात ठरलं. धुरपताबाईंची अट एकच होती. "मी भाड्याच्या गाडीत नवरी होऊन बसणार न्हाई. माझ्या लेकीची गाडी हाय."

लेकीची गाडी त्याच आठवड्यात गळायला लागली. इंजिनाच्या बुडाला तेल साठवणारं पत्र्याचं ताट असतं, त्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात. ते जिथं इंजिनाला जोडलेलं असतं, त्या सांध्यातून थेंब थेंब तेल गळून अंगणात काळं तळं साचायचं. गावातला ओळखीचा मेकॅनिक तिरुपतीला गेलेला. मग काय, महामायाला मोकळं रान मिळालं.

घरात बेसिन बसवताना उरलेली सिलिकॉनची नळी होती. सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन, असा तिनं विचार केला. व्हॅनखाली सतरंजी टाकून ती आडवी झाली, तेल काढलं, बोल्ट सोडले, चेंबर खाली उतरवलं आणि कडेनं ते पांढरं सिलिकॉन दाबून दाबून भरलं. पोळीला तूप लावताना हात सैल सुटतो तसा सुटला. अंगणभर आंबट वास पसरला.

धुरपताबाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "इंजिनात लोणचं घातलंस का?"

"थांब माय, दोन दिवसांत बघ."

तेल भरून दोन दिवस गाडी फिरवली, तर गळती होती तशीच, उलट जरा जास्तच. गरम तेलानं ते सिलिकॉन फुगून जेलीसारखं लिबलिबीत झालं होतं, बोट लावलं की सुटून यायचं. महामाया व्हॅनखाली पडल्या पडल्या ते बोटावर घेऊन बघत राहिली आणि स्वतःशीच खुदकन हसली. चूक झाली होती, पण किती छान झाली होती. आता तिला खरी गोष्ट काय असते ते कळल्याशिवाय झोप लागणार नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती रेल्वेनं नांदेडला गेली. आई लग्नाची साडी घ्यायला सोबत. आधी साडी की आधी सीलंट, म्हणजे सांधा बुजवायचा मसाला, यावर गाडीत वाद झाला आणि सीलंट जिंकला, कारण साडीच्या दुकानातून आई लवकर निघाली नसती. स्पेअर पार्टच्या दुकानात चंद्रप्पा म्हणून देगलूरकडचे मालक होते, भरघोस मिशांचे. त्यांच्या मागच्या फळीवर नळ्याच नळ्या: लाल, काळ्या, करड्या, निळ्या, एक तांबूस.

"ही लाल द्या," धुरपताबाई म्हणाल्या. "रंग उठून दिसतो."

"अम्मा, ते गाडीच्या आत जाणार हाय, कुणाला दिसत न्हाई," चंद्रप्पा म्हणाले. मग महामायाकडे वळले. "ताई, सांधा कुठला? तेलाचा, पाण्याचा का सायलेन्सरचा?"

"तेलाचा. चेंबर."

"मग लाल नको. आमच्याकडची लाल गरमीसाठी हाय. पण रंगावर जाऊच नका. एका कंपनीचा काळा तो दुसऱ्याचा करडा. नळी उलटी करा, मागं तेलाला चालतं असं लिहिलेलं बघा. ते असलं तरच घ्या. आणि आंबट वास येणारं घेऊ नका, ते लोखंडाला खातं."

महामाया तिथंच लाजून हसली. "ते मी लावून बसलेय."

"सगळेच लावतात. बाथरूमचं कधी, खिडकीचं कधी. एकानं तर पेट्रोलच्या सांध्याला लावलं होतं. तिथं सिलिकॉन कुठलंच चालत न्हाई, पेट्रोल त्याला फुगवून सोडवून टाकतं."

मग त्यांनी काळी नळी काढून हातात दिली आणि कसं लावायचं तेही सांगितलं. जुनं सगळं खरवडून काढायचं. तेलाचा कण ठेवायचा नाही. बारीक एकसारखी रेघ मारायची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. जाड लावली तर आतल्या बाजूला गोळे सुटतात आणि तेल खेचणारी जाळी तुंबते, मग इंजिनच जातं. ओलं असतानाच बसवायचं, बोल्ट हलके आवळायचे, तासाभरानं पक्के करायचे, आणि पूर्ण एक दिवस तेल भरायचं नाही.

"एक दिवस?" धुरपताबाई मधेच बोलल्या. "लग्न परवा हाय. लग्न मला करायचंय का त्या डिंकाला?"

"डिंक सुकल्याबिगर नवरी पोचत न्हाई, अम्मा," चंद्रप्पा म्हणाले, आणि लग्न खुद्द अम्मांचंच आहे हे कळल्यावर त्यांनी उठून दोघींना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एकच गडबड. शेजारची पुनम मेंदी काढायला आली होती. ती साऱ्या मोहल्ल्यातल्या नवरीमुलींच्या हातावर मेंदी काढते. ओसरीत धुरपताबाई हात पसरून बसल्या आणि अंगणात महामाया चेंबर घासत बसली. सिलिकॉन खरवडलं, मग दवाखान्यातल्या सवयीनं स्पिरिटचा बोळा फिरवला, एकदा, परत एकदा, जखम धुवावी तशी. बोळा पांढरा निघेपर्यंत थांबली नाही. पत्रा चांदीच्या ताटासारखा लखलखला.

पण रेघ काही जमेना. सुई टोचताना न हलणारा तिचा हात नळी दाबताना भलतीकडं घसरायचा. कुठं जाड, कुठं तुटक. तिनं दोनदा पुसून काढली. पुनम मेंदी संपवून ओसरीतून बघत होती.

"ताई, सरका जरा," ती म्हणाली. "मेंदीचा कोन असाच धरतात."

तिनं नळी हातात घेतली, मनगट टेकवलं, श्वास धरला आणि चेंबरच्या कडेनं अशी रेघ काढली की महामाया बघतच राहिली. भोकाजवळ आली की आतून नाजूक वळण, परत सरळ, शेवट सुरुवातीला जाऊन मिळाला तिथं सांधासुद्धा दिसेना.

"आता एखादी कोयरी काढू का?" पुनमनं विचारलं, आणि दोघींना असं हसू फुटलं की धुरपताबाई हात वर धरून ओरडल्या, "हसू नका, तो डिंक वाळून राहिलाय."

महामाया आणि पुनम दोघी व्हॅनखाली सरपटल्या. चेंबर वर धरून बोल्ट लावेपर्यंत पुनमच्या केसांत माती, महामायाच्या गालावर काळा पट्टा. ओसरीतून ओल्या मेंदीची नवरी हुकूम सोडत होती. मग तासभर थांबून बोल्ट पक्के झाले आणि वाट बघणं सुरू झालं. त्या दिवशी महामाया दर थोड्या वेळानं वाकून बघायची. पातेल्यावरचं झाकण उघडून बघणाऱ्या सुगरणीसारखं. बाहेर डोकावणाऱ्या काळ्या कडेला नख लावलं तर रबरासारखं घट्ट. तिला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या सकाळी तेल भरलं, इंजिन चालू केलं, खाली कागद पसरला. कागद कोरा राहिला. पांढऱ्या साडीतल्या धुरपताबाई पुढं बसल्या, मागं पुनम, आणि व्हॅन निघाली. भोकर गेलं, नांदेड गेलं, लोह्याच्या पुढं चहाला थांबल्या तेव्हा महामाया साडीसकट रस्त्यावर गुडघे टेकून गाडीखाली बघत होती. चहावाल्यानं काय हरवलं म्हणून विचारलं. "काहीच न्हाई," ती आनंदानं म्हणाली.

विहारात मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, भीमरावांचा मुलगा आनंदराज आणि सून पुढंमागं धावत होते. हार घालताना भीमरावांचा हात पोचेना, तेव्हा धुरपताबाईंनीच मान वाकवली आणि सगळं विहार हसलं. महामायाही हसली. पण पंगत उठल्यावर ती व्हॅनची चावी हातात घेऊन उभी राहिली. परतीला आईची जागा रिकामी असणार, घरी अंगण रिकामं. तिनं पाया पडून निघायची तयारी केली.

"कुठं निघालीस एकटी?" धुरपताबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं थांब. ह्यांचं सामान भरायचंय."

"कुठल्या सामानाचं बोलतेस?"

"मी इथं राहणार असं कोण म्हणालं? किनवटला जंगल हाय, हवा चांगली हाय. ह्यांना झाडांची आवड हाय. हे आपल्याकडं येतायत."

महामायानं आनंदराजकडं बघितलं. तो मान डोलावत हसत होता. "बाबांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, ताई. तुम्हाला न्हाई सांगितलं का?"

"तिला तेलातून सवड कुठं होती," धुरपताबाई म्हणाल्या.

एक ट्रंक आली, मग जास्वंदीच्या कुंड्या, मग पेरूचं रोप, मग भीमराव स्वतः. पुनम कुंड्यांच्या मधे कशीबशी बसली. पेरूची फांदी महामायाच्या खांद्यावरून पुढं डोकावत होती. तिनं चावी फिरवली. मागून भीमरावांनी अदबीनं विचारलं, "पोरी, तुझी हरकत न्हाई ना?"

"हाय एक," महामाया आरशात बघत म्हणाली. "घरी गेल्यावर बीपी तपासून घ्यायचं, काका."