पुठ्ठ्याखालचा रकाना

शेळगावच्या फाट्यावर आई मला एस.टी.त बसवायला आली ती पाच शेळ्या घेऊन. घरी बांधून आली असती तर त्यांनी ओरडून वस्ती डोक्यावर घेतली असती म्हणे. मी मनातून धुमसत होते. पुण्याला शिकायला निघालेली मुलगी, अंगावर नवाकोरा ड्रेस, आणि निरोपाला शेळ्या. ग्रंथालयशास्त्र म्हणजे काय हे तिला मी चारदा समजावलं होतं. तरी गाडी दिसायला लागली तेव्हा ती म्हणालीच, "लायबरी शिकाया पुन्याला कशापायी? हितं हाय की आपली लायबरी." तुला काय कळतंय, असं तोंड करून मी खिडकीत बसले. आज त्या मुलीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आपली लायब्ररी म्हणजे देवळाशेजारची एक खोली आणि चार कपाटं. जे गावी राहिलेत त्यांना सांगायला नको, पण जे माझ्यासारखे निघून गेले आणि विसरले त्यांच्यासाठी सांगते. वर्षश्राद्धाला पंगती उठवायच्या त्याऐवजी गेलेल्या माणसाच्या नावानं लायब्ररीला एक पुस्तक द्यायचं, अशी रीत आपल्याकडं कुणीतरी पाडली होती. आज्याच्या पिढीपर्यंत आपली माणसं मेंढरांमागं रानोमाळ हिंडली. त्यांचे ना फोटो, ना कागद. गेलेल्या माणसाचं नाव सबंध गावात एकाच जागी लिहिलेलं असायचं, लायब्ररीच्या रजिस्टरात, अगदी शेवटच्या रकान्यात. त्या रकान्याचं नाव 'स्मरणार्थ'. पुस्तकं सगळे इंदापूरच्या स्टँडसमोरच्या एकाच दुकानातून आणत, त्यामुळं तीच तीच पुस्तकं परत परत यायची. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

मी पुण्यात दुसऱ्या वर्षाला असताना आई गेली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत आटोपलं. वर्षश्राद्धाला मी आले नाही, माझी परीक्षा होती. परीक्षा पुढं कधीही देता आली असती, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. आबा एकटेच इंदापूरला गेले. माझ्या बापाला अक्षरओळख नाही. त्यांनी दुकानात चित्र बघून पुस्तक निवडलं. मुखपृष्ठावर शेळी होती. 'शेळीपालन' असं त्या पुस्तकाचं नाव, हे त्यांना दुकानदारानं सांगितलं. पहिल्या पानावर शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलं, 'कै. सौ. हौसाबाई यांच्या स्मरणार्थ', आणि खाली सही येत नाही म्हणून अंगठा उठवला. हे सगळं मला फार उशिरा कळलं, कारण मी कधी विचारलंच नाही.

पुण्यात मी फार हुशार झाले होते. 'हाय' म्हटलं की हॉस्टेलातल्या पोरी हसायच्या, म्हणून 'आहे' म्हणायला शिकले. 'हितं'चं 'इथं' केलं, 'आमी'चं 'आम्ही' केलं. सहा महिन्यांत अशी जीभ वळवली की गावी आल्यावर आबांनाच सुधारायला लागले. ते हसून म्हणायचे, "व्हय बाई, तुझंच खरं." तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

मग पुण्यातल्याच एका संस्थेत नोकरी लागली. ग्रंथालयांसाठी एक सॉफ्टवेअर तेव्हा फ्लॉपीवर फुकट मिळायचं. काळ्या पडद्यावर चालायचं, मराठी अक्षरं दिसायला संगणकात वेगळं कार्ड बसवावं लागायचं, पण त्याची एक गोष्ट फार मोलाची होती. त्यातले रकाने आपण पाहिजे तसे मांडू शकत होतो, वाढवू शकत होतो, नको ते काढून टाकू शकत होतो. परदेशातल्या मोठ्या लायब्ररीचा साचा घेऊन तो गावातल्या चार कपाटांच्या मापानं बेतायचा, हे माझं काम. बारामती-इंदापूर भागातल्या छोट्या लायब्रऱ्यांच्या याद्या करायच्या होत्या. त्या भागातली म्हणून मला बारामतीला बसवलं. एक खोली, एक संगणक, आणि गावोगावची माणसं एस.टी.नं रजिस्टरं आणून देत. मोरगावचं आलं, पणदऱ्याचं आलं, तसं आमच्या शेळगावचंही आलं.

साचा ठरवायला पुण्याहून आमचे साहेब आले होते. त्यांनी शेळगावचं रजिस्टर उघडलं, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "स्मरणार्थ? ही लायब्ररी आहे की स्मशान?" खोलीतले सगळे हसले. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण साहेबांवर राग काढणं सोपं आहे. त्यांना काय माहीत होतं? मला माहीत होतं, तरी मी हसले. रकाना साच्यातून काढला तो माझ्या हातानं. टाइप करताना नजर तिकडं जाऊन वेळ मोडू नये म्हणून कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापून मी त्या रकान्यावर ठेवत होते. पान उलटलं की पट्टी पुढच्या पानावर. सबंध गावाची मेलेली माणसं मी त्या पट्टीखाली झाकून पुढं गेले, आणि कामाचा वेग चांगला आहे म्हणून शाबासकी घेतली.

'शेळीपालन' नऊ वेळा आलं. नऊदा कशाला लिहायचं? एकच नोंद केली, पुढं लिहिलं, 'प्रती: ९'. शास्त्रात असंच शिकवतात, आणि शास्त्राप्रमाणं त्यात काही चुकलेलंही नाही.

छापील यादी गावात गेली. लायब्ररीच्या कमिटीचे अध्यक्ष अण्णा चांगला माणूस, पण त्यांना कपाट रिकामं पाहिजे होतं. पोरं भरतीच्या परीक्षांची पुस्तकं मागत होती. रजिस्टर बघून अण्णांनी कधीच पुस्तकाला हात लावला नसता, कारण रजिस्टरात नऊ ओळी होत्या आणि दर ओळीला एक माणूस होतं. यादीत एकच ओळ होती. अण्णांना वाटलं, कांप्युटरच सांगतोय की पुस्तक एकच हाय, मग नऊ कशाला सांभाळायची? त्यांनी त्यातल्या त्यात कोरी दिसणारी प्रत ठेवली आणि आठ रद्दीत घातली. आईची प्रत कोरी नव्हती. आबा दरवर्षी ती गेली त्या तिथीला जाऊन ती हातात घेऊन बसायचे, तिची पहिल्या पानाची कड मळली होती.

त्या वर्षी तिथीला पुस्तक सापडेना. अण्णांनी त्यांना सांगितलं, "आबा, काळजी करू नगा, समदं कांप्युटरमधी हाय. तुमच्याच लेकीनं केलंय." आबा तसेच उठले आणि बारामतीला आले. दुपारी मी खोलीत काम करत होते, तर दारात आबा, हातात टोपी. म्हणाले, "सुमे, तुज्या आईचं पुस्तक कपाटात न्हाय. तुज्याकडं हाय म्हनत्यात. दाव मला."

मी शोधलं. पडद्यावर एक ओळ आली. मी वाचून दाखवली, शेळीपालन, प्रती नऊ.

आबा पडद्याजवळ वाकले. त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ह्या नवातली तुजी आई कंची?"

मी म्हटलं, आबा, नवीन आणून देते, तेच पुस्तक, अगदी तसंच. ते म्हणाले, "नवं मला कशाला? त्याच्यावर माजा आंगठा न्हाय." आणि हातातली टोपी डोक्यावर घातली. माझ्या बापानं मला कधी शिवी दिली नाही. त्या दिवशी दिली असती तर बरं झालं असतं.

मी रजिस्टर परत मागवून घेतलं. काढलेला रकाना परत घालायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते ती इथं. सॉफ्टवेअर मोकळं होतं, कुणाची परवानगी लागत नव्हती, कुणी हात धरला नव्हता. रकाना काढावा असं त्या परदेशी साच्यानंही म्हटलं नव्हतं. ते शहाणपण माझं होतं. पट्टी फेकून दिली आणि एकेक नाव टाइप करत गेले. नऊ शेळीपालनांच्या नऊ नोंदी केल्या. तीन दिवस बसले होते.

आईची नोंद शेवटी ठेवली. 'जागा' हा रकाना मोकळा सोडला तर नोंद पुढं जात नाही, तो नियम मीच घातलेला. कपाटाचा नंबर काय घालणार? रद्दीत गेलेल्या बाकीच्या सात प्रतींपुढं नुसतं 'रद्दीत गेलं' असं घातलं होतं. इथं मी लिहिलं, 'रद्दीत गेलं. चूक सुमनची, हौसाबाईच्या मुलीची.' साहेबांनी नंतर तो मजकूर काढायला सांगितला. मी म्हटलं, आधी माझा राजीनामा घ्या. मजकूर तसाच राहिला.

बारामती सोडून मला पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली. इथं घर आहे, दारावर पाटी आहे, शेजारपाजार चांगला आहे. इथं माझं काही चुकलं तर कुणाला पत्ता लागत नाही. माझी चूक माझ्या आईच्या नावापुढं लिहिलेली आहे ती शेळगावात, आणि घर कुठं असं कुणी विचारलं तर मला तीच जागा आठवते. आता लायब्ररीत संगणक आलाय. दरवर्षी तिथीला आबा जातात, तिथं जो बसला असेल त्याला नोंद काढायला लावतात आणि वाचून घेतात. माझ्या नावापाशी आलं की वाचणारा अवघडून थांबतो.

आबा म्हणतात, "थांबू नगं. ती बी माजीच हाय. वाच."