मुद्देमाल क्रमांक चार

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी राग येतो. परवा सूनबाईच्या लॅपटॉपवर 'ड्राइव्ह सापडत नाही' असं काहीतरी आलं. ती शांतपणे म्हणाली, "काही नाही बाबा, पुन्हा लावून बघते." मी मात्र उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हे वाक्य मी एका तपासात इतक्या वेळा ऐकलं आहे, की निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी ते कानावर पडलं की डोकं तापतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. नगर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे बरेच कामगार आमच्या हद्दीतल्या गावांत राहायचे. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांचं तर नाहीच.

एका कारखान्याचा सुपरवायझर संध्याकाळी सातच्या सुमारास स्कूटरवरून घरी निघाला होता. पुलाजवळ कुणीतरी मागून डोक्यात लोखंडी गज घातला. माणूस वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने एका कामगाराचं नाव घेतलं. चेहरा पाहिला नव्हता, पण "तोच, दुसरा कोण असणार?" असं त्याचं म्हणणं. दोनच दिवसांपूर्वी नोकरीत कायम करण्यावरून दोघांची सगळ्यांसमोर जुंपली होती. कामगाराचं घर पुलापासून हाकेच्या अंतरावर. हेतू होता, जागा जवळ होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अटक केली. कलम ३०७, खुनाचा प्रयत्न.

चोवीस-पंचवीस वर्षांचा सडपातळ तरुण. अंगझडतीत चामडी पट्टा, कंगवा, एसटीचा पास आणि खिशात घडी घातलेली लग्नपत्रिका सापडली. त्याचीच. मुलगी सोनईची, आणि गावच्या विहारात तीन आठवड्यांनी रविवारी लग्न.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला. "साहेब, मी त्या दिवशी डबल ड्युटीला हुतो. सकाळी सातला गेल्तो, ते रात्री अकराला भाईर पडलो. मला कसं मारता येईल?"

आम्ही कारखान्याचं हजेरीचं मस्टर मागवलं. त्यात तो पहिल्या पाळीला हजर आणि तीनला सुटलेला. त्याच्या खात्यातल्या चौघांना विचारलं. चौघंही जमिनीकडे बघत म्हणाले, लक्षात नाही. आरोपी एकच गोष्ट शब्दाला शब्द सांगायला लागला की ती पाठ केलेली असते, असं मी नव्या फौजदारांना शिकवायचो. ती खरीही असू शकते, हे मी कधी शिकवलं नव्हतं.

खबर दिली ती वसाहतीच्या चौकातल्या चहावाल्याने. हा माणूस कधी समोरून बोलायचा नाही. कप विसळता विसळता, बशीशी बोलल्यासारखं बोलायचा. "साहेब, मस्टरं दोन असत्यात. एक कागदाचं, सरकारी इन्स्पेक्टरला दाखवायचं. डबल ड्युटी त्यात कोन लिवतंय? खरं ते कॉम्पुटरमधी हाय."

म्हणजे कामगारांना सोळा-सोळा तास राबवायचं आणि ते कागदावर येऊ द्यायचं नाही. मग चौघांच्या माना खाली का होत्या तेही समजलं. खरं बोलला की नोकरी गेली. मी त्याच दिवशी दोन पंच घेऊन कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेलो आणि तो कॉम्प्युटर जप्त केला.

आता माझा पराक्रम ऐका. तोवर मी कॉम्प्युटर लांबून पाहिला होता, हात कधी लावला नव्हता. पण पंचनामा कसा करायचा हे मला झोपेतही येत होतं. प्रत्येक वस्तू सुटी करायची, वर्णन लिहायचं, कापडात बांधायची, लाखेचं सील मारायचं, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं. मुद्देमाल क्रमांक एक, टीव्हीसारखा पडदा. दोन, लोखंडी पेटी. तीन, टाइपरायटरसारखी बटणांची पाटी. पेटीच्या तोंडात एक निळी चपटी वस्तू बसलेली दिसली. बटण दाबून मी ती स्वतःच्या हाताने बाहेर काढली आणि आमच्या रायटरला, म्हणजे लेखनिक हवालदाराला, मजकूर सांगितला. "क्रमांक चार. निळ्या रंगाची चौकोनी प्लास्टिकची वस्तू, तीवर स्केचपेनने फुलीची खूण, उपयोग समजून येत नाही." रायटरचं अक्षर मोत्यासारखं. पंचनामा इतका नेटका झाला की मी वर त्याची पाठ थोपटली.

टाइम ऑफिसात त्या वेळी एक बदली कारकून होता. नेहमीची ऑपरेटर बाई काम सोडून गेली, पत्ता माहीत नाही, असं त्याने सांगितलं. मी ती निळी वस्तू उपसत होतो तेव्हा तो माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. हे मला नंतर आठवलं.

कोर्टाची परवानगी काढून आम्ही क्रमांक एक ते तीनची सीलं उघडली. चारची परवानगी मागायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नगरहून कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर बोलावले. त्यांनी मशीन सुरू केलं, बराच वेळ खटखट केली आणि म्हणाले, "हजेरीचा प्रोग्राम डी ड्राइव्ह मागतोय. डी ड्राइव्ह सापडत नाही."

"मग शोधा."

"नाहीच आहे साहेब. यात एकच डिस्क आहे, सी."

"ती रिकामी आहे?"

"नाही, गच्च भरली आहे."

"मग त्यात काय आहे?"

"काहीच नाही. म्हणजे एकच भलीमोठी फाइल आहे, आणि ती उघडत नाही."

"अहो, भरलेली आहे की रिकामी?" माझा आवाज चढला. बाहेरचा ठाणे अंमलदार आत डोकावून गेला.

सर घाम पुसत म्हणाले, "दोन्ही म्हणता येईल."

अट्टल गुन्हेगार मी बोलते केले आहेत. माणूस खोटं बोलला तर त्याचे डोळे सांगतात, पाय सांगतात. हे यंत्र खोटं बोलत नव्हतं आणि खरंही सांगत नव्हतं. सर तीन वेळा आले. स्वतःच्या डबीतल्या काळ्या फ्लॉप्या एकामागून एक त्या तोंडात घालून पाहिल्या. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. अगदी तशीच एक, फक्त निळी, दहा पावलांवर मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्यात एकदा लाख लागली की वस्तू कपाटात जाते आणि डोक्यातून जाते. शेवटी मीच वैतागून म्हटलं, नेऊन टाका रे हे भंगार.

या काळात आरोपीची रवानगी सबजेलमध्ये झाली होती. जामीन नाकारला गेला होता. त्याचा बाप गवंडी. तो रोज सकाळी येऊन "जयभीम साहेब" म्हणायचा आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. काही मागायचा नाही. उन्हं चढली की उठून कामावर जायचा. त्याच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग यायचा, आता सांगायला लाज वाटते.

लग्नाला आठवडा राहिला असताना मुलीचे वडील सोनईहून आले. पांढरा सदरा, हातात पिशवी. उभ्यानेच म्हणाले, "साहेब, मी पोरीचा बाप. तुमी रोज मानसं पारखता. पोरगं कसं हाय, तेवढं सांगा. तुमचा शबूद मला पुरं."

पोरगा निर्दोष असावा, ही शंका तोवर माझ्या मनात पक्की झाली होती. चहावाल्याने मला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं, आणि त्या चौघांच्या खाली गेलेल्या माना मी विसरलो नव्हतो. तेवढं जरी बोललो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "तपास चालू आहे."

मी फाइल उघडली. मग ते निघून गेले.

त्यानंतर चार दिवसांनी मी चहावाल्यासमोर त्या मशीनला शिव्या घालत होतो. तो बशी पुसत म्हणाला, "मशीनला काय इचारता साहेब? ते चालवनाऱ्या बाईला इचारा की. श्रीरामपूरच्या त्या. काम न्हाई सोडलं त्यांनी, बाळंतपनाला माहेरी गेल्यात."

मी कपाळावर हात मारला. दोन आठवडे मी लोखंडाची चौकशी करत होतो, आणि बदली कारकुनाच्या एका वाक्यावर विसंबून माणसाला शोधलंच नव्हतं. जीप काढून सरळ श्रीरामपूर गाठलं. चर्चच्या मागच्या गल्लीत घर. ऑपरेटर बाईंच्या मांडीवर आठ दिवसांचं बाळ. पोलीस पाहून त्यांच्या आई घाबरल्या, बाई नाही घाबरल्या.

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, मशीन सुरू करताना माझी फ्लॉपी आत होती ना? निळी, वर फुली काढलेली?"

मला तो पंचनामा तोंडपाठ होता.

बाई समजावू लागल्या. "डिस्क लहान होती आणि हजेरी मावेना. मग मी सगळं दाबून एकाच फाइलीत भरलं आणि त्या फाइलीलाच डिस्क मानायला मशीनला शिकवलं. डी ही खरी डिस्क नाही, मानलेली आहे. मानलेला भाऊ असतो ना, तशी. नातं ठाऊक असेल तर भाऊ, नाहीतर परका. ते नातं त्या फ्लॉपीत लिहिलंय. ती घालून सुरू केलं तरच मशीन डी ओळखतं."

"पण ते फ्लॉपीत कशाला ठेवलं?"

"कुणीही येऊन हजेरी बदलायचं साहेब. म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवली. रजेवर येताना बदली माणसाला बजावलं होतं, ही आतच राहू दे, काढू नको." मग बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत म्हणाल्या, "तो त्या दिवशी डबल ड्युटीला होता. मीच नोंद केली आहे."

त्यांचा जबाब घेऊन मी ठाण्यात परतलो तो शुक्रवार होता. मुद्देमाल खोलीतून क्रमांक चारचं पाकीट काढलं. लेबलावर माझीच सही. पाकिटावरची लाख एका बोटाने फुटली असती. पण परवानगीशिवाय सील तोडलं असतं तर कोर्टात त्या पुराव्याला कवडीची किंमत राहिली नसती. शनिवारी अर्ज दिला. मॅजिस्ट्रेट साहेब रजेवर. रविवार, लग्नाचा दिवस, तसाच गेला. त्या दिवशी गवंडी बाकावर आला नाही.

सोमवारी हुकूम मिळाला. पंचांसमोर सील फोडलं, सरांनी फ्लॉपी घातली, मशीन घरघरलं आणि डी ड्राइव्ह समोर आला. जणू कधी गेलाच नव्हता. हल्ल्याच्या तारखेला त्या कामगाराच्या टोकन नंबरापुढे दोन्ही पाळ्या. बाहेर पडल्याची वेळ रात्री अकरा वाजून चार मिनिटं. त्या नोंदीचा छापील कागद दाखवल्यावर खात्यातल्या चौघांनाही सगळं आठवलं. बदली कारकुनाला मी समोर उभं केलं. "मी ती फ्लॉपी काढताना तू बघत होतास. बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलंच नाही."

त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण विचारलं नव्हतं हे खरंच होतं.

मंगळवारी कलम १६९ प्रमाणे, म्हणजे आरोपीविरुद्ध पुरावा नाही असा, अहवाल जाऊन तो कामगार सुटला. खरा हल्लेखोर पुढे महिन्याभरात सापडला. सुपरवायझरच्या बांधाच्या भांडणातला त्याचाच भाऊबंद. सुटल्यावर तो कामगार अंगझडतीच्या वस्तू घ्यायला ठाण्यात आला. रायटरने यादी वाचली. पट्टा एक, कंगवा एक, पास एक, लग्नपत्रिका एक. त्याने एकेक वस्तू उचलली. नियमाप्रमाणे मी विचारलं, "सगळं मिळालं?"

"मिळालं साहेब," सही करत तो म्हणाला. "सोनईची सोयरीक तेवढी यादीत दिसत न्हाई."

मी नोकरीत खूप शिव्या खाल्ल्या आहेत, पण इतकं लागलं नाही कधी.

दोन दिवसांनी मी युनिफॉर्ममध्ये सोनईला गेलो. वाटलं, आपण स्वतः जाऊन सांगितलं तर जमेल. मुलीच्या वडिलांनी खुर्ची दिली, चहा दिला. मी सांगितलं, मुलगा निर्दोष आहे, सोन्यासारखा आहे, चूक माझी झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुसरीकडं शबूद देऊन बसलो साहेब," ते म्हणाले. "मी तुमच्या दारात येऊन इचारलं हुतं की. तवा सांगायचं हुतं."

पुढे माझ्या हाताखाली कुणीही पंचनाम्यात 'उपयोग समजून येत नाही' लिहिलं, की मी पेन काढून घ्यायचो. ज्याची वस्तू आहे त्याला आधी विचार, मग लिही. यामुळे काही हवालदार मला खडूस म्हणत, म्हणोत. वस्तू सुट्या करायला आम्हाला शिकवलं होतं. कुठली कशाला जोडलेली आहे हे विचारायला कुणी शिकवलं नाही, आणि मीही फार उशिरा शिकलो.

त्या तपासात मी काही खोटं लिहिलं नाही, काही खोटं बोललो नाही. 'उपयोग समजून येत नाही' हे खरं होतं. 'तपास चालू आहे' हेही खरं होतं. या दोन खऱ्या वाक्यांनी मी एका निर्दोष माणसाचं ठरलेलं लग्न मोडलं.