ड्रमवरचा टॉवेल

काल दुबईत, अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलीने सरावाआधी ड्रमवर टॉवेल टाकला. मी तो ओढून फेकला. "बाबा, नेबर्स कम्प्लेन करतात," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण टॉवेलच्या ब्लीचच्या वासाने माझं डोकं फिरलं होतं.

नव्वदच्या दशकात मी इथल्याच एका हॉटेलात बँक्वेटला, म्हणजे मेजवान्यांच्या हॉलमध्ये कामाला होतो. शुक्रवारी दुपारी तिथे एक म्हातारा ब्रिटिश ड्रमर वाजवायचा. तरुणपणी त्याने रॉक बँडबरोबर स्टेडियम दणाणून सोडली होती, नंतर सिनेमे, जाहिराती, क्रूझ, सगळीकडे वाजवलं. त्याची कॅसेट मी रत्नागिरीत ऐकून ऐकून झिजवली होती.

एका शुक्रवारी मॅनेजर मला म्हणाला, "उसका आवाज खलास करो, गेस्ट खाना खा रहे हैं." मी लाँड्रीतून ब्लीचचा वास मारणारे टॉवेल आणले आणि त्याच्या ड्रमवर चिकटपट्टीने बसवले.  घडी नीट बसेना, तर त्यानेच ती घालून दिली.

मॅनेजरवरचा राग कधीच विरला. माझा स्वतःवरचा विरत नाही. ज्याचा प्रत्येक ठोका मला पाठ होता, त्या माणसाला मी आयुष्यात एकच प्रश्न विचारला, "सर, अजून एक टॉवेल लावू?"